प्रवेश सर्वांस खुला

(तृतीय वर्ष कला, मराठी)

आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर कोणता कागद किती दिवस टिकतो, याचे एक साधे गणित आहे. परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेची सूचना तासाभरात चुरगळते, कारण तिच्यावरून शंभर बोटे फिरतात. क्रीडाविभागाची सूचना आठवडाभर तग धरते. आणि ‘विद्यापीठाच्या गणित विभागात व्याख्यान, प्रवेश सर्वांस खुला’ ही सूचना मात्र व्याख्यान होऊन गेल्यावरही महिनाभर कोरी करकरीत राहते. हल्ली अशा सूचना मोबाईलवरही येतात. तिथेही त्यांचे नशीब फारसे वेगळे नसते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका कागदापुढे मी आणि माझी मैत्रीण थांबलो. ती बी. ए.ला गणित घेणाऱ्या मोजक्या मुलींपैकी एक, मी मराठीची. तिने ‘सर्वांस’ या शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाली, “यात तूसुद्धा आलीस गं.”

त्या एका शब्दावर विसंबून आम्ही दोघी गेलो. त्या शब्दाविषयीच मला येथे थोडे लिहायचे आहे.

आमच्या गावाहून विद्यापीठ एस. टी.ने दीड तासाच्या वाटेवर. व्याख्यान सायंकाळी साडेचारचे आणि परतीची शेवटची गाडी सव्वासहाची. म्हणजे वक्ते वेळेवर उभे राहिले आणि वेळेवर बसले, तरच आमचा निभाव. घरी ‘विद्यापीठात व्याख्यान आहे’ एवढेच सांगितले. कसले, ते सांगितले असते तर आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

सभागृहाबाहेर चहा आणि बिस्किटे मांडली होती. एका गृहस्थांनी अगदी सौजन्याने विचारले, “आपण कोणत्या विभागाकडून?” मी महाविद्यालयाचे नाव सांगितले. “गणित ना?” “नाही, मराठी.” ते हसले. ते हसणे कुत्सित नव्हते. बायकांच्या डब्यात चुकून चढलेल्या आजोबांकडे पाहून बायका हसतात, त्या जातीचे होते. चहा घ्या, असा आग्रहही त्यांनी केला. तरी आम्ही आपोआप शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

वक्ते पाहुणे होते, नावाजलेले होते, आणि त्यांची पहिली बारा मिनिटे मी विसरणार नाही. त्यांनी फळ्यावर चार हा आकडा लिहिला आणि विचारले, याचे तुकडे किती प्रकारांनी पाडता येतील? चार अखंड ठेवा. तीन आणि एक करा. दोन आणि दोन करा. दोन, एक आणि एक करा. नाहीतर चारही एक एक. झाले पाच प्रकार. तुकड्यांचा क्रम जमेस धरायचा नाही. तीन-एक काय किंवा एक-तीन काय, एकच. याला ते संख्येचे विभाजन म्हणत होते. एकाचे एक, दोनाची दोन, तिनाची तीन, चाराची पाच. मग शंभराची किती? १९,०५,६९,२९२! मागच्या रांगेतून ‘अगं बाई’ असा जो उद्गार निघाला तो माझाच. एकेक प्रकार न मोजता हा आकडा काढण्याची रीत हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ साली प्रसिद्ध केली. मेजर मॅकमहॉन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने हाताने आकडेमोड करून दोनशेपर्यंतचा तक्ता तयार केला होता, त्यावर ती पडताळून पाहता आली. तोच तक्ता न्याहाळताना रामानुजनांच्या लक्षात आले की ज्या संख्येच्या शेवटी चार किंवा नऊ येतात, तिच्या विभाजनांच्या आकड्याला पाचाने नि:शेष भाग जातो. चाराची ५, नऊची ३०, चौदाची १३५, एकोणिसाची ४९०. मी माझ्या मैत्रिणीला कोपराने डिवचले. हे तर कोणालाही कळेल!

तेराव्या मिनिटाला फळ्यावर एक ग्रीक अक्षर आले. त्याच्यामागून दुसरे आले. मग ‘मॉड्यूलर फॉर्म’ आले, आणि वक्त्यांचा चेहरा जो पहिल्या दोन रांगांकडे वळला तो अखेरपर्यंत तिकडेच राहिला. पाऊण तास आम्हांला त्यांचा डावा कान तेवढा दिसत होता. माझी मैत्रीण आणखी दहा मिनिटे टिकली, मग तिनेही लेखणी खाली ठेवली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणूस वीस वर्षे ज्या रानात हिंडला, तिथले त्याने आपल्या सोबत्यांना दाखवायचे नाही तर कोणाला?

पण रिकामे मन स्वस्थ बसत नाही. मी वहीच्या मागच्या पानावर आपला ओळखीचा खेळ मांडला. आम्ही मराठीवाले मात्रा मोजतो. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची जागा लघू-गुरूंनी किती तऱ्हांनी भरता येईल? दोन गुरू, एक गुरू आणि दोन लघू, त्यात गुरू आधी, मध्ये किंवा शेवटी, आणि चारही लघू. एकूण पाच! तीन मात्रांच्या तीन तऱ्हा, दोनांच्या दोन, एकाची एक. फळ्यावरच्या पहिल्या ओळीत एक, दोन, तीन, पाच. माझ्या वहीतही एक, दोन, तीन, पाच. माझे हात थंड पडले. चंदनाच्या झाडाखाली बसून मोळी बांधणाऱ्याला वास यावा तसे काहीतरी झाले. मग पाच मात्रा मोजल्या. आठ निघाल्या. फळ्याच्या कोपऱ्यात अजून न पुसलेला आकडा होता, पाचाची विभाजने सात. पुन्हा मोजले, पुन्हा आठ. चारापर्यंत हातात हात घालून आलेल्या या दोन ओळी पाचावरच का फुटाव्यात, आणि नेमक्या एकाच आकड्याने का फुटाव्यात?

व्याख्यान संपले. अध्यक्षांनी इंग्रजीत विचारले, काही शंका? पहिल्या रांगेतील दोघांनी दोन शंका विचारल्या. त्या शंका नसून आपणही या रानातले आहोत याच्या खुणा असाव्यात, असे निदान मला वाटले. मैत्रीण मला म्हणाली, “विचार ना.” मी मनात वाक्य जुळवू लागले. मात्रेला इंग्रजीत काय म्हणायचे? लघूला? आणि मराठीची मुलगी गणिताच्या सभागृहात उभी राहून हे असले विचारते, यावर चहाच्या टेबलापाशी भेटलेले ते गृहस्थ पुन्हा हसले तर? कर्ता आणि क्रियापद एकत्र येईतो अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, आभार मानले, टाळ्या झाल्या. आम्हीही गाडीसाठी धावलो. प्रश्न वहीत राहिला.

तो सुटला, पण दोन महिन्यांनी. आमच्या महाविद्यालयातील गणिताच्या सरांना मैत्रिणीने वही दाखवली. सरांनी ती हातात घेतली आणि व्हरांड्यात उभ्या उभ्याच बोलू लागले. मात्रांचा नियम सोपा, ते म्हणाले. शेवटचे अक्षर लघू असेल तर आधी चार मात्रा उरतात, त्यांच्या पाच तऱ्हा. शेवटचे गुरू असेल तर आधी तीन उरतात, त्यांच्या तीन. पाच आणि तीन आठ. मागचे दोन आकडे मिळवले की पुढचा. हे बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी छंदशास्त्रात सांगून ठेवले आहे, आणि त्यांच्याही आधी विरहांकाने. १२०२ साली इटलीत फिबोनाची यांनी हेच आकडे सशांच्या जोड्या मोजताना काढले आणि जगाने नाव ठेवले ते त्यांचे. आता विभाजने. त्यांचाही असाच मागून पुढे जाण्याचा नियम अठराव्या शतकात ऑयलरने शोधला. मागचे दोन आकडे मिळवा. मग पाच घरे आणि सात घरे मागचे वजा करा. मग बारा आणि पंधरा घरे मागचे मिळवा. असे घरे संपेपर्यंत. चारापर्यंत पाच घरे मागे जायला जागाच नाही, म्हणून तिथवर ऑयलरचा नियम आणि हेमचंद्रांचा नियम एकच दिसतात. पाचावर आल्यावर पाच घरे मागे प्रथमच काहीतरी सापडते, ते म्हणजे शून्य. आणि शून्याचे विभाजन एक धरतात. पाच अधिक तीन वजा एक. सात! “तुझ्या वहीतला तो एक आहे ना,” सर म्हणाले, “तो ऑयलरचा आहे.” मॅकमहॉन यांनी दोनशेपर्यंतचा आपला तक्ता याच नियमाने केला होता, हेही त्यांच्याकडूनच कळले.

हे सगळे सांगायला सरांना पाच मिनिटे लागली. खडूही लागला नाही. माझी खंत अशी, की त्या सायंकाळी सभागृहात हेच उत्तर देण्याजोगी किमान दहा माणसे बसलेली होती. वक्त्यांना तर ते झोपेतही देता आले असते. त्यांच्याच विषयाचा तो उंबरठा होता. कदाचित पहिल्या रांगेलाही ते ऐकायला आवडले असते. लघू-गुरूंचा हा धागा त्यांच्यापैकी कितीजणांच्या डोक्यात त्या दिवशी होता, कोण जाणे! प्रवेश खुला होता, खुर्ची होती, चहासुद्धा होता. नव्हते ते तोंड उघडण्याचे धाडस, आणि ते माझ्याजवळ नव्हते याचा सगळा दोष मी एकटीने घ्यायला तयार नाही.

यावर विद्यापीठातील विद्वान काय म्हणतील, याची मला कल्पना आहे. ते म्हणतील, ही संशोधकांची व्याख्याने. पदवीच्या मुलांना समजावीत म्हणून आम्ही पातळ ताक वाढायचे काय? त्यांचे म्हणणे अर्धे मला मान्य आहे. जिथे पाच-सहा जाणकार एका सिद्धतेच्या मानगुटीवर बसलेले असतात, त्या बैठकीत आमचे काही काम नाही. त्यांनी दार लावून घ्यावे. आम्ही दुखावले जाणार नाही. परंतु ज्या व्याख्यानाची सूचना तुम्ही तालुक्याच्या कला महाविद्यालयापर्यंत पाठवता, तिच्यावर ‘सर्वांस’ असे छापता, ते व्याख्यान वेगळे. तिथे तुम्ही शब्द दिलेला असतो. लग्नाची पत्रिका ‘सहकुटुंब’ म्हणून धाडायची आणि मंडपात पंगत मात्र घरच्यांचीच मांडायची, याला आमच्याकडे चांगले नाव नाही. आणि सोपे बोलणे म्हणजे पातळ बोलणे, हे तर खुद्द गणितज्ञांनाच मान्य नाही. पॉल हाल्मॉस यांनी १९७४ साली गणितावर व्याख्यान कसे द्यावे याविषयी एक निबंध लिहिला. त्याचा सारा भर व्याख्यान सोपे ठेवण्यावर आहे, आणि तो त्यांनी तुमच्यासारख्यांसाठी लिहिला, आमच्यासाठी नव्हे.

सोपेपणाची परिसीमा पाहायची तर न्यूयॉर्कची १९०३ सालची एक सभा आठवावी. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या त्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी दोनाचा सदुसष्टावा घात वजा एक ही एकवीस आकडी संख्या मूळ संख्या नाही, हे तिचे अवयव मांडून दाखवले. असे सांगतात, की ते फळ्यापाशी गेले, एकीकडे ती संख्या काढली, दुसरीकडे १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला, दोन्ही उत्तरे सारखी आली, आणि ते एक अक्षर न बोलता जागेवर जाऊन बसले. सभा टाळ्यांनी दुमदुमली. हे अवयव शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले, असे ते पुढे म्हणाले म्हणे. कथेला थोडे मीठमसाला लागलेला असेल. गुणाकार मात्र खरा आहे, आणि तो पाचवीतल्या मुलालाही पडताळता येतो. प्रत्येकाने असेच करावे असे कोण म्हणेल? पण तशी बारा मिनिटे प्रत्येक विषयात कुठे ना कुठे असतातच. आमच्या वक्त्यांनी ती दिलीही. ती पंधरा झाली असती, आणि शेवटी पाच मिनिटे ते पुन्हा उंबरठ्यावर आले असते, तर आम्ही तृप्त झालो असतो.

पदवीच्या मुलाने मोठ्या व्याख्यानाला जाऊन काय साधते, असे विचारणाऱ्यांना मी श्रीराम अभ्यंकरांचे उदाहरण देईन. ग्वाल्हेरकडचा हा मराठी मुलगा १९४७ ते १९५१ या काळात मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकत होता. टाटा मूलभूत संशोधन संस्था तेव्हा नुकती बाळसे धरत होती. अमेरिकेचे मार्शल स्टोन तिथे आले असता त्यांची व्याख्याने ऐकायला हा विद्यार्थी जात असे. त्याला त्यातले सगळे कळत असेल असे मला वाटत नाही; पण त्याला कोणी दारात हटकले नाही, एवढे खरे. पुढे तो हार्वर्डला गेला, बैजिक भूमितीत जगन्मान्य झाला, आणि १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानाची स्थापना त्याने केली. प्रत्येक मागच्या बाकावर अभ्यंकर बसलेला नसतो, हे मला कळते. पण बाकच काढून टाकला तर तो बसणार कुठे?

भाषेचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो बोचरा आहे. लंडनमध्ये ग्रेशॅम कॉलेज नावाची संस्था १५९७ पासून नगरजनांसाठी विनामूल्य व्याख्याने ठेवत आली आहे. ठरवलेल्या सात विषयांत भूमितीही होती. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन. म्हणून व्याख्याने लॅटिनमध्येही व्हावीत आणि लोकांसाठी इंग्रजीतही व्हावीत, अशी तिथे योजना होती. जी इंग्रजी आज आम्हांला सभागृहात गप्प बसवते, ती एके काळी स्वतःच मागच्या बाकावर होती! विद्यापीठाने पाहुण्याला मराठीत बोलायला लावावे, असे मी म्हणत नाही. तो बिचारा कोठून कोठून आलेला असतो. शंका मात्र मराठीत विचारता याव्यात. सभागृहात दोन्ही भाषा जाणणारे निम्मे लोक असतात. एकाने उठून ती शंका इंग्रजीत सांगितली तर त्याच्या पदवीला धक्का पोहोचत नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी आयुष्यभर आकाशाचे गणित मराठीतून सांगितले आणि त्यांचे वजन केंब्रिजमध्ये तसूभरही घटले नाही. जाता जाता सांगावेसे वाटते, की केंब्रिजची गणिताची पदवी आजही बी. ए.च असते. नारळीकर, त्यांच्या आधीचे रँग्लर परांजपे, हे सगळे त्या हिशेबाने कला शाखेचे पदवीधर! आमच्या वर्गात ही बातमी सांगितली तेव्हा अर्थशास्त्राच्या मुलांनीसुद्धा बाके वाजवली.

आता आमच्याकडे वळते, कारण आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. मी एका व्याख्यानाला एका महाविद्यालयाची बसभर मुले आलेली पाहिली आहेत. हजेरीचा कागद फिरला, सह्या झाल्या, आणि चहाच्या वेळेनंतर त्या रांगांत फक्त उपस्थिती-प्रमाणपत्राची वाट पाहणारे उरले, तेही मोबाईलमध्ये. अशा श्रोत्यांसमोर वक्त्याने पहिल्या रांगेकडे तोंड फिरवले तर त्याला बोल लावता येत नाही. प्रमाणपत्राचे गुण बंद करा, निम्मी बस रिकामी येईल, पण जी येतील ती ऐकायला येतील. शिवाय न समजण्याची आपल्याला फार लाज वाटते. तमाशाला, कीर्तनाला, गाण्याच्या बैठकीला बसणारा प्रत्येकजण प्रत्येक जागा समजून थोडाच डोलतो? मारव्यातला कोमल रिषभ न ओळखताही माणसे पहाटेपर्यंत बसतात. गणिताच्या सभेतच तेवढी अट का, की समजेल तोच बसेल?

आमच्या सरांनी या वर्षी एक सोपी गोष्ट केली. विद्यापीठातील व्याख्यानाची सूचना आली की आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत अर्धा तास ते त्या विषयाची तोंडओळख करून देतात, कोणत्याही शाखेच्या मुलांना. पहिल्या खेपेस आम्ही तिघी होतो. गेल्या महिन्यात अकराजण होते, त्यांत इतिहासाचे चार. सरांनी विभागप्रमुखांना एक पत्रही लिहिले: व्याख्यान दुपारी तीनला ठेवता आले तर बाहेरगावच्या मुलींना परतीची गाडी सापडेल, आणि शंकांच्या वेळी पहिली शंका पदवीच्या विद्यार्थ्याची घ्यावी, कोणत्याही भाषेत. वेळेचे मान्य झाले आहे. शंकेचे उत्तर अजून यायचे आहे.

पुढचे व्याख्यान येत्या बुधवारी आहे. विषय गाठींचा, दोरीच्या गाठींचाच, असे सर म्हणतात. सूचना फलकावर लागली आहे, आणि या वेळी तिचा खालचा कोपरा थोडा चुरगळलेला दिसला. एक वाजताची एस. टी. धरावी लागेल. ‘सर्वांस’च्या खाली कोणीतरी पेन्सिलीने रेघ मारली आहे, ती मी मारलेली नाही.